माती परीक्षणाचे आकडे चोख, शिफारस मात्र एकराच्या मापाची

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या परसबागेत गवार आणि टोमॅटोची कोवळी पाने सलग दोन वर्षे पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या. भुईमूग किंवा ऊस करणारा शेतकरी याला केवडा म्हणतो आणि लोहाची कमतरता ओळखतो. मी मात्र चुलीतली राख आणि अंड्यांची टरफले घालत राहिलो, म्हणजे आधीच चुन्याने भरलेल्या मातीत आणखी चुना कालवत राहिलो. अखेरीस या उन्हाळ्यात शहरातील एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना दिला. तिचे नाव मुद्दाम देत नाही.

नमुना कसा घ्यावा हे त्यांनी मनापासून समजावून सांगितले. वरचा पालापाचोळा बाजूला सारून सात-आठ ठिकाणी सुमारे 15 ते 20 सेंटीमीटर खोल, व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची पातळ खाप काढावी, सगळी माती मिसळून तिचे चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्धा किलो उरवावी. माती सावलीतच वाळवावी आणि खताच्या रिकाम्या गोणीवर पसरू नये, असेही त्यांनी बजावले. शुल्क 600 रुपये होते आणि अहवाल सहाव्या दिवशी हातात आला.

मी थोडा संशयी असल्यामुळे त्याच मातीचा दुसरा अर्धा किलो मेहुण्याच्या नावाने दिला होता. एका अहवालात सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) 8.2, दुसऱ्यात 8.1, मुक्त चुनखडी, म्हणजे मातीत मिसळलेला चुना, एकात 11 टक्के, दुसऱ्यात 10.5. मातीतील क्षार दाखवणारी विद्युत वाहकता दोन्हीकडे कमी होती आणि सोडियमही मर्यादेत होते. इतका मेळ बसल्यावर त्यांच्या मोजणीवर माझा विश्वास बसला.

या सगळ्यात मुक्त चुनखडीचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, आणि बहुतेक जण सामू पाहून कागद घडी करतात. नाशिकची काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात चुनखडीचे खडे सहज सापडतात. शिवाय आमच्या अंगणात बांधकामाचा राडारोडाही गाडलेला आहे. चुनखडी आहे तोवर ती सामूला 8.2 च्या आसपास धरून ठेवते, आणि इतक्या सामूला मातीतले लोह मुळांना नीट मिळत नाही. तो 8.5 च्या वर गेला, तर मात्र सोडियमचा, म्हणजे सोडियम साचून जमीन चोपण झाल्याचा संशय घ्यावा लागतो.

अहवालाच्या दुसऱ्या पानावरील शिफारशींनी मात्र निराशा केली. सामू कमी करण्यासाठी एकरी 20 किलो गंधक आणि 4 क्विंटल जिप्सम घालावे, असे तेथे छापले होते. जिप्सम चोपण जमिनीतील सोडियम हटवण्यासाठी असते. आमच्या मातीत हटवण्याजोगे सोडियमच नव्हते. गंधकाचा हिशेब तर मी वहीत मांडला. आमचा वाफा 200 चौरस फुटांचा, म्हणजे शिफारशीप्रमाणे वाट्याला येते 92 ग्रॅम गंधक. त्याच वाफ्याच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात साधारण साडेतीन टन माती आहे, तिच्यात 11 टक्क्यांप्रमाणे 380 किलोंच्या आसपास चुनखडी, आणि एक किलो गंधक जेमतेम तीन किलो चुनखडी संपवते. म्हणजे खरोखर सामू उतरवायचा तर सव्वाशे किलो गंधक ओतावे लागेल. ते 92 ग्रॅम पिकाचे अन्न म्हणून ठीक आहेत, पण मातीचा सामू त्यांनी हलणार नाही. हे सांगितल्यावर काउंटरवरील मुलगा नम्रपणे म्हणाला, “काका, शिफारस संगणकच छापतो.” अर्जातील पिकांच्या यादीत द्राक्ष, कांदा, डाळिंब, टोमॅटो होते, परसबाग नव्हती, मी टोमॅटोवर खूण केली होती.

आकडे हाती आल्यावर उपाय मी स्वतःच ठरवला. चुनखडीशी भांडण सोडून दिले आणि लोह झाडापर्यंत पोहोचवण्याकडे वळलो. लोहाला धरून ठेवणाऱ्या संयुगांपैकी दुकानात सहज मिळणारे ईडीटीए लोह अशा मातीत टिकत नाही, सामू 6.5 च्या वर गेला की ते लोहाची पकड सोडू लागते. ईडीडीएचए हे तसलेच दुसरे संयुग मात्र सामू 9 पर्यंतही लोह धरून ठेवते. ते महाग आहे, तरी लाल रंगाचे ते पाणी मुळांशी दिल्यावर गवारीची नवी पाने हिरवी आली. जुनी पिवळी पाने काही सुधारली नाहीत. टोमॅटोसाठी हिराकस (फेरस सल्फेट) चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून दिले. पालक, बीट आणि कोबी यांना या मातीची फारशी तक्रार नसते, म्हणून त्यांचा वाटा वाढवला.

परसबागेसाठी या प्रयोगशाळेत जावे, पण पहिल्या पानावरील आकड्यांसाठी. बोअरचे पाणी देणाऱ्यांनी त्याच खेपेस पाण्याचा नमुनाही द्यावा, कारण बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी प्रत्येक पाळीला मातीत नवी चुनखडी सोडते. ही चाचणी त्यांच्या नेहमीच्या यादीत नाही; अर्जावर “बायकार्बोनेट” हा शब्द हाताने लिहून मागावी लागते.