गल्लीच्या चौकात सिग्नल बरा का सर्कल?
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आतल्या चौकांत सिग्नल बसवा म्हणणारे लई आहेत, पण माझं मत छोट्या सर्कललाच. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकांना धडकू शकतील अशा ३२ जागा असतात, एका लेनच्या सर्कलला फक्त ८, आणि वळायचं म्हणून स्पीड आपोआप कमी होतो त्यामुळं धडक झालीच तरी मार कमी बसतो. सिग्नलची लाईट गेली की सगळा गोंधळ. हां, सिग्नलला म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडायला ठरलेला वेळ मिळतो, हे खरंय. सर्कलला तो नाही, म्हणून झेब्रा क्रॉसिंग एक गाडीभर मागं पाहिजे आणि मधे थांबायला दुभाजक, नाहीतर पोरंबाळं घेऊन कोण ओलांडणार? उजवीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं पाळलं पाहिजे. दसरा चौकातल्या गर्दीला मात्र सिग्नलच बरा.