लीचेस: फुकट आणि उत्तम, पण आधी सेटिंग्ज बदला

आठवी ते बारावीच्या वयात स्पर्धात्मक बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलामुलींसाठी लीचेसइतकी कामाची फुकट जागा दुसरी नाही. पण ही साइट जशी उघडते तशीच वापरत राहिलं, तर पटावरचा खेळ बिघडवणारीही हीच. त्यामुळे हे परीक्षण साइटचं जितकं आहे, तितकंच ती कशी लावून घ्यायची याचंही.

थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली ती सुरू केली आणि आज एक ना-नफा संस्था ती चालवते. जाहिरात एकही नाही. कोडी हवी तेवढी सोडवा, खेळलेला डाव स्टॉकफिश इंजिनकडून, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रामकडून, तपासून घ्या, पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की टेबलबेसमधून, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या साठ्यातून, अचूक निकाल बघा. कशालाच पैसे लागत नाहीत. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी पंखांचं चिन्ह दिसतं, पण सोयी सगळ्यांना सारख्याच. चेस डॉट कॉमवर रचून दिलेले धडे आणि व्हिडिओ जास्त आहेत, देखावाही जास्त. मात्र तिथल्या फुकट खात्यात कोडी आणि डावाचं परीक्षण यांना मर्यादा आहे. महिन्याची वर्गणी भरायची नसेल तर लीचेस घ्या. जुन्या फोनवर आणि बेताच्या नेटवरही ती चालते.

खातं उघडलं की पहिला डाव खेळायच्या आधी प्रेफरन्सेसमध्ये जायचं. मोहरा उचलला की तो कुठे जाऊ शकतो ते ठिपके दिसतात, ते बंद करा. हे ठिपके नवशिक्याला बरे, पण जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलाची नजर त्यांच्यामुळे आळशी होते. घोड्याची घरं तो मोजतच नाही. प्रीमूव्ह, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत आपली चाल आधीच ठरवून ठेवणं, तेही बंद. टेकबॅक, म्हणजे खेळलेली चाल मागे घेणं, ‘कधीच नाही’ वर. शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा वजीर आपोआप होण्याची सोय बंद. तिहेरी पुनरावृत्तीला, म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की, बरोबरी आपोआप मागण्याची सोय आहे, तीही ‘कधीच नाही’ वर, कारण पटावर ती मागावी लागते आणि मागायचं भान नसल्यामुळे हातातला अर्धा गुण जातो. खेळाडूंचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, डाव चालू असताना दिसू नये असा पर्यायही तिथेच आहे. समोर २००० बघून हातपाय गाळणाऱ्या आणि १३०० बघून वाट्टेल तसं खेळणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या मुलांना तो लागू पडतो. डाव चालू असताना झेड दाबलं की झेन मोड सुरू होतो आणि पट-घड्याळ सोडून बाकीचा पसारा लपतो.

चालीची दोनदा खात्री करून घेणारी सोय मात्र लावू नये असं आमचं मत आहे. चुकून बोट सरकण्यापासून ती वाचवते, हे खरं. पण पटावर मोहऱ्याला हात लागला की तो हलवावाच लागतो. ती सवय घरीच लागलेली बरी. लहान स्क्रीनवर बोटं सरकत असतील तर लॅपटॉपवर खेळा.

पुढचा प्रश्न वेळेचा, आणि बहुतेक मुलं इथेच वाया जातात. लीचेस डावाचा प्रकार एका हिशोबाने ठरवते: सुरुवातीची वेळ अधिक चाळीस चालींची वाढीव वेळ. ५+३ म्हणजे पाच मिनिटं आणि दर चालीला तीन सेकंद वाढीव: ३०० सेकंद अधिक १२०, एकूण ४२०. म्हणून तो ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव. १०+० चे ६०० सेकंद होतात, म्हणून तो त्याच्या वरचा प्रकार, रॅपिड. १५+१० चे १३०० होतात आणि तोही रॅपिडच. एकाच नावाखाली दुपटीहून जास्त फरक. रॅपिडच खेळतो असं सांगणारा मुलगा बहुतेक वेळा १०+० खेळत असतो, आणि त्यातले शेवटचे दोन मिनिटं निव्वळ हाणामारी असते. खुल्या मानांकन स्पर्धांत ९०+३० हा नेहमीचा वेळ. त्याची तयारी १०+० ने होत नाही. दिवसाला १५+१० चा एक डाव, शनिवार-रविवारी ३०+२० चा एक, एवढं पुरे. ३०+२० ला ऐन वेळी जोडीदार लवकर मिळत नाही; क्लबमधल्या कुणाशी वेळ ठरवून थेट आव्हान पाठवावं. बुलेट, म्हणजे एक-दोन मिनिटांचा डाव, शाळकरी मुलाने खेळूच नये असं म्हणणार नाही. पण रात्री अंथरुणात फोनवर, हरल्यावर लगेच ‘अजून एक’ म्हणत खेळलेले बुलेट डाव, हीच या साइटबद्दल पालकांची मुख्य तक्रार असते आणि ती रास्त आहे. साइट थांबवत नाही. नियम घरात लागतो: लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवशी मानांकित डाव नाही. कोडी चालतील.

रेटिंगबद्दल थोडक्यात. इथे ग्लिको-२ पद्धत आहे आणि प्रत्येकाची सुरुवात १५०० पासून होते. पहिल्या काही डावांत आकडा शंभर-दोनशेने वरखाली उड्या मारतो आणि अंदाज पक्का होईपर्यंत पुढे प्रश्नचिन्ह दिसतं. त्या काळात बाराशेवर आलेल्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही. उलट, लीचेसवर १७०० झाले म्हणून फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, १७०० येतील असंही नाही. हे दोन वेगळे समूह आहेत. फिडेचं रेटिंग मिळायला मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव लागतात आणि मार्च २०२४ पासून त्या यादीची खालची मर्यादा १४०० आहे.

आता लीचेसची खरी ताकद: डाव संपल्यानंतरचं पान. तिथे मोठं बटण इंजिनच्या विश्लेषणाचं आहे आणि मुलं ते लगेच दाबतात. दाबू नये. आधी इंजिन बंद ठेवून डाव पहिल्यापासून बघायचा आणि तीन ठिकाणी थांबून वहीत लिहायचं: सुरुवातीची माहीत असलेली चाल कुठे संपली, पहिली शंका कुठे आली, आणि डाव कुठे हातातून गेला असं वाटलं. इंजिन त्यानंतर. ते चालींवर किरकोळ चूक, चूक आणि घोडचूक अशा खुणा करतं आणि अचूकतेची टक्केवारी देतं. टक्केवारीकडे दुर्लक्ष करा. प्रतिस्पर्ध्याने वजीर फुकट दिला तर नव्वद टक्के कुणालाही मिळतात.

बघण्यासारखा आलेख दुसराच आहे: प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा. तो आणि घोडचुकांच्या खुणा शेजारी ठेवल्या की पंधरा वर्षांच्या मुलाला भाषण द्यावं लागत नाही. १५+१० च्या डावात नऊ मिनिटं शिल्लक असताना हत्ती गमावणारी चाल चार सेकंदांत खेळलेली असते, आणि पुस्तकात शंभरदा पाहिलेल्या सहाव्या चालीवर दोन मिनिटं गेलेली असतात. घाई कुठे होते आणि विनाकारण विचार कुठे होतो, हे इतक्या स्पष्टपणे प्रशिक्षकही दाखवू शकत नाही. त्यानंतर ‘लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स’ घ्या. साइट प्रत्येक चुकीच्या चालीपाशी थांबते आणि त्याहून चांगली चाल शोधायला लावते. पंधरा मिनिटांत होतं आणि फायदा पाच नवीन डावांपेक्षा जास्त.

इंजिन ‘का’ सांगत नाही, ही उणीव आहे. एक साधं उदाहरण घ्या. पांढरा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो; पांढऱ्याची असेल तर बरोबरी. लीचेसच्या विश्लेषण पटावर ही स्थिती मांडली की टेबलबेस निकाल तत्काळ सांगतो, पण समोरासमोर आलेल्या राजांपैकी ज्याला आधी हलावं लागतं तो जागा गमावतो, हे तत्त्व सांगत नाही. तेच प्यादं ई३ वर ठेवून बघा: आता पांढऱ्याची खेळी असली तरी तो प्यादं ई४ वर सरकवून खेळी काळ्याच्या गळ्यात टाकतो आणि जिंकतो. मुलाला दोन्ही स्थिती मांडून निकाल आधी ओळखायला सांगा, मग टेबलबेसकडे बघू द्या. प्रॅक्टिस विभागात प्याद्यांचे आणि हत्तीचे शेवटचे डाव आहेत, लुसेना आणि फिलिडोर या हत्तीच्या प्रसिद्ध स्थितींसकट. ते नीट केलेले आहेत. मधल्या डावाचं नियोजन शिकवणारं मात्र तिथे फारसं काही नाही. त्याला पुस्तक किंवा प्रशिक्षक हवाच.

कोड्यांचं तंत्र असं. पहिली चाल चुकली की कोडं गेलं, म्हणून पूर्ण मालिका मनात दिसल्याशिवाय मोहरा हलवायचा नाही. काठिण्य ‘सोपं’ ठेवलं तर आपल्या पातळीपेक्षा साधारण ३०० ने खालची कोडी येतात. नमुने पक्के करायला तीच बरी. डॅशबोर्डवर विषयवार हिशोब असतो, त्यात सगळ्यात कमकुवत विषय निवडून आठवडाभर तोच करावा. पझल स्टॉर्म हा तीन मिनिटांचा प्रकार गंमत म्हणून ठीक आहे. त्याचा उच्चांक म्हणजे प्रगती नव्हे.

स्पर्धा दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. अरीनात ठरलेल्या वेळात जितके डाव होतील तितके खेळायचे: विजयाला २ गुण, बरोबरीला १, लागोपाठ दोन विजयांनंतर पुढच्या डावाचे गुण दुप्पट. बर्सर्क दाबलं तर आपलं घड्याळ अर्धं होतं आणि जिंकल्यास एक गुण जादा. म्हणजे घाईला उघड बक्षीस. स्विसमध्ये फेऱ्या ठरलेल्या, सारख्या गुणांच्या खेळाडूंशी जोड्या, बर्सर्क नाही. शालेय आणि जिल्हा स्पर्धांची रचना हीच, त्यामुळे सरावासाठी स्विसच निवडा. अरीना महिन्यातून एखादी, दिवाळीच्या सुटीत दोन.

स्विस फक्त टीममधून भरवता येते, आणि मोठ्या मुलांना द्यावं असं काम इथे आहे. शाळेची किंवा क्लबची टीम काढायची, प्रवेशासाठी सांकेतिक शब्द ठेवायचा, वेळ, फेऱ्या आणि दोन फेऱ्यांतलं अंतर ठरवायचं. अकरावीतल्या मुलीवर हे सोपवलं की तिला कळतं की ज्यांचं नेट जातं त्यांच्या पालकांचे फोन कोण घेतं. दोन फेऱ्यांमधला वेळ कमी ठेवला तर लहान मुलं पाणी प्यायला गेली की पुढचा डाव हुकतो. १५+१० ला फेऱ्यांमध्ये किमान पाच मिनिटं सोडा. लहानांसाठी स्टडी, म्हणजे पटावर मांडलेल्या धड्यांची वही, बनवणं हे दुसरं काम: एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, आणि ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’ निवडलं की समोरच्याला उत्तराची चाल स्वतः शोधावी लागते. चुकीच्या चालीला काय सूचना द्यायची हे लिहिताना त्या विद्यार्थिनीचा स्वतःचाच विचार तपासला जातो.

प्रशिक्षकांसाठी क्लासची सोय आहे. शिक्षक म्हणून नोंद केली की विद्यार्थ्यांची खाती ईमेलशिवाय उघडता येतात, विसरलेला पासवर्ड बदलून देता येतो आणि कुणी किती डाव खेळले, किती कोडी सोडवली ते दिसतं. धाकट्यांसाठी किड मोड लावा, त्यात गप्पा आणि निरोप बंद होतात. पंधरा-सोळाच्या मुलांवर तो लादला तर ती दुसरं खातं उघडतील. त्यांच्यासाठी निरोप फक्त मित्रांपुरते ठेवणं पुरे.

फसवणूक होते. इंजिन बघून खेळणारे पकडले जातात, त्यांच्या खात्यावर तशी खूण येते आणि हरलेल्याला गुण परत मिळतात, पण त्याला वेळ लागतो. संशय आला तर तक्रार नोंदवायची आणि पुढचा डाव खेळायचा; चॅटमध्ये भांडायचं नाही. आपल्या घरातही हा नियम पाळा: मानांकित डावात मागून बाबांनी सुचवलेली चाल हीसुद्धा बाहेरची मदतच.

पटावरच्या ज्या गोष्टी स्क्रीन कधीच शिकवणार नाही, त्यांची सोय वेगळी करावी लागते. १५+१० खेळताना शेजारी लाकडी पट मांडा, चाल आधी त्यावर खेळा, कागदावर लिहा, मग स्क्रीनवर. कॅसलिंगमध्ये, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवताना, आधी राजाला हात, आणि दोन्ही मोहरे एकाच हाताने. आधी हत्ती धरला तर पंच त्या बाजूचं कॅसलिंग होऊ देत नाहीत आणि हत्तीच हलवावा लागतो. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. नियमबाह्य चाल स्क्रीनवर होतच नाही, त्यामुळे तिची भीती नसते. मोठ्या वेळेच्या डावात पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. तिहेरी पुनरावृत्ती मागताना चाल खेळायची नाही: ती कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलवायचं. मागणी चुकीची निघाली तर दोन मिनिटं समोरच्याला.

मोठ्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपणही इथे फुकट असतं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम लढतीचा निकाल जलद डावांच्या टायब्रेकमध्ये लागला. हे डाव उघडून, इंजिन बंद ठेवून, दिव्याच्या बाजूने प्रत्येक चालीचा अंदाज बांधत जावं. दुसरा जलद डाव शेवटपर्यंत बघा. घड्याळ संपत आलं की अनुभवी ग्रँडमास्टरच्याही हातून काय निसटतं ते तिथे दिसतं.