भाचीसोबत आठ महिने ‘तोत्तोचान’ वाचल्यावर

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ सगळे जण शाळेवरचं पुस्तक म्हणून सुचवतात. मीही तेवढ्यासाठीच आणलं होतं. दाजी मोटारसायकलच्या अपघातात गेले आणि जूनमध्ये ताई दोन्ही लेकरं घेऊन आमच्याकडे लातूर जिल्ह्यातल्या औशाला आली. भाची चौथीत. गाव नवं, शाळा नवी, वर्गात ती तोंड उघडत नव्हती. एका शाळेनं काढून टाकलेल्या तोत्तोचान नावाच्या मुलीला रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा मिळते, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, हिला बरं वाटेल.

चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलाय. प्रकरणं छोटी आहेत. जेवणं झाली की अंगणात बाजेवर एक प्रकरण, लाईट गेली तर मोबाईलच्या उजेडात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात, तिथं भाची उठून बसली. “चार तास? मध्ये बोललेच नाहीत?” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मामा, लातूरला डब्यांचा कारखाना झालाय ना, तिथून एखादा आपल्या शाळेला मिळंल का?” इथं आल्यापासून तिनं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

हे पुस्तक तसं कादंबरी नाही. लेखिकेच्या बालपणातल्या खऱ्या आठवणी आहेत, १९८१ साली जपानमध्ये छापलेल्या. पण त्यात मरण किती वेळा येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जत्रेतून हट्टानं आणलेली कोंबडीची पिल्लं मरतात. रॉकी नावाचा कुत्रा दिसेनासा होतो. आणि पोलिओ झालेला यासुआकी जातो. तोत्तोचाननं शिडी लावून, ओढून-ढकलून ज्याला झाडावर चढवलेलं असतं, तोच.

यासुआकीचं प्रकरण मी आदल्या दिवशी एकट्यानं वाचून ठेवलं होतं. रात्री दोन पानं एकदम उलटली. “मामा, पान सुटलं,” ती म्हणाली. मग वाचावंच लागलं. कोबायाशी सगळ्या मुलांना एकत्र सांगतात की यासुआकी वारला, आज आपण सगळ्यांनी त्याला निरोप द्यायला जायचंय. तोत्तोचान त्याच्या हातात फूल ठेवते.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला कुणीच नेलं नाही.”

खरं होतं. आम्ही तिला दोन दिवस ‘पप्पा दवाखान्यात आहेत’ असंच सांगत राहिलो. पलीकडच्या गल्लीत ओळखीच्यांकडे मीच तिला नेऊन सोडलं होतं. लेकराला कशाला दाखवायचं, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं आणि माझंही तेच होतं. त्या रात्री बाजेवर बसून मी तिला सगळं सांगितलं. अपघात कुठं झाला, कुणी उचललं, अग्नी कुणी दिला. तिनं एकच विचारलं, “घरून निघताना अंगात कोणता शर्ट होता?” निळ्या चौकड्यांचा, म्हणालो. “बाहीला शिवलेला?” हो. मग ती उठून आत गेली आणि आईच्या कुशीत झोपली. माफी मी सकाळी मागितली. रात्री जमलं नाही.

याच पुस्तकात तोत्तोचानची आईही बरंच लपवते. पहिल्या शाळेनं काढून टाकलं होतं, हे ती तोत्तोचानला थेट विसाव्या वर्षानंतर सांगते. त्यानं लेकीचं भलंच झालं. मी यावर खूप विचार केला. ‘तू नकोशी झालीस’ हे लेकरापासून दडवणं वेगळं आणि ‘तुझा माणूस गेला’ हे दडवणं वेगळं. आम्ही दोन्ही एकाच मापानं मोजलं.

खटकलेल्या गोष्टी पण सांगतो. जपानी नावं सुरुवातीला जिभेवर बसत नाहीत. तोत्तोचानचे वडील व्हायोलिन वाजवणारे, घर शहरातलं आणि खातंपितं. ताईसारखी, शिलाई मशीनवर घर उभं करू पाहणारी बाई यात कुठं दिसत नाही. शेवटही घाईत येतो. १९४५ मध्ये बॉम्बनं शाळा जळते, कोबायाशी रस्त्यावर उभे राहून आग बघतात आणि आपल्या मुलाला विचारतात, पुढची शाळा कशी बांधायची? भाचीला ते पटलं नाही. “आधी रडायला पाहिजे होतं सरांनी,” म्हणाली. मला ते पान आवडतं, पण तिचंही खोटं नाही.

सहा-सात वर्षांच्या लेकराच्या हातात हे एकट्यानं देऊ नका, सोबत बसा. आणि मरणाची प्रकरणं गाळू नका.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात कडब्याच्या कोपीजवळ बसून आमचं पहिलं वाचन संपलं. भज्जी-आंबील झाल्यावर तिनं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं, ताईसमोर. आता ती धाकट्याला वाचून दाखवते. बांधणी सुटली होती, तर आमच्या मायनं गोधडीच्या दोऱ्यानं दाभण घालून शिवून दिली. यासुआकीचं प्रकरण अजून पुढं आहे. ‘ते वाचायचं तेव्हा तू पण बस’ असं तिनं मला आधीच सांगून ठेवलंय.