उजवा पाण्यातला, डावा कोरडा

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं गाड्यांच्या टेल लॅम्पच्या काचा मोल्डिंगला काढल्या. काचा म्हणायचं आपलं, असतं ते अॅक्रिलिक. प्लास्टिकचा दाणा मशीनच्या हॉपरमध्ये नीट सुकवला नाही की पीसवर चंदेरी रेघा आल्याच, मग अख्खा लॉट रिजेक्ट. त्यामुळे पारदर्शक प्लास्टिक हातात आलं की उजेडाकडे धरून बघायची खोड लागली ती लागलीच. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या दोन्ही डोळ्यांत अॅक्रिलिकचीच लेन्स बसलीय आणि ती काही उजेडाकडे धरता येत नाही. म्हणून हा आतून बघून लिहिलेला रिव्ह्यू. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. माझं म्हणणं मटेरियलबद्दल आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २०१४ चं. तेव्हा मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. ‘फोल्डेबल’ एवढं कानावर पडलं, खूश झालो. २०२१ मध्ये डाव्याची पाळी आली तेव्हा मात्र काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेलं दरपत्रक पुढे सरकवलं.

“काका, ही इंडियन, ही इम्पोर्टेड, आणि ही प्रीमियम.”

“मटेरियल कुठलं?”

“तिन्ही फोल्डेबल आहेत काका.”

“अगं, घडी चादरीचीही होते. कापड कुठलं ते सांग.”

बिचारी आत गेली आणि दोन खोकी घेऊन आली. एकावर हायड्रोफिलिक अॅक्रिलिक, दुसऱ्यावर हायड्रोफोबिक अॅक्रिलिक. गंमत म्हणजे पहिलं ‘इम्पोर्टेड’च्या रकान्यातलं होतं आणि दुसरं ‘इंडियन’च्या. घरी येऊन २०१४ ची फाइल उपसली. तिच्यात चिकटवलेल्या स्टिकरवरून कळलं की उजव्यात हायड्रोफिलिक आहे. सात वर्षं मला पत्ता नव्हता.

हायड्रोफिलिक म्हणजे पाणी धरून ठेवणारं. अशा बऱ्याच लेन्समध्ये वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणीच असतं, म्हणून ती सलाइनच्या छोट्या बाटलीत बुडवून येते. हायड्रोफोबिक पाणी जवळपास घेतच नाही, ती बहुतेक कोरड्या डबीत येते. पाणीवाली मऊ, चटकन उलगडणारी. कोरडी सावकाश उलगडते, आणि ऑपरेशन थिएटरच्या गारव्यात जराशी ताठच असते. प्रकाश वाकवायची ताकद मात्र कोरडीची जास्त. तिचा अपवर्तनांक १.५५ पर्यंत जातो, पाणीवालीचा १.४६ च्या आसपास. म्हणून तोच नंबर कोरडीत पातळ भिंगात बसतो.

आमचं जुनं अॅक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, १.४९. सगळ्याची सुरुवात त्याच्यापासूनच झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे पीएमएमएचेच, तुकडे घुसले, आणि हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा हे तुकडे मुकाट्याने सोसतोय. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स एका बाईंच्या डोळ्यात बसवली. नंबर साफ चुकला, पार उणे अठरापर्यंत गेला. पण मटेरियलची निवड चुकली नाही. माझ्या आईला १९९६ मध्ये शिबिरात पीएमएमएचीच कडक लेन्स बसवली होती. तिची घडी होत नाही, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या भिंगाला तेवढीच मोठी चीर आणि टाके. महिनाभर डोळा लाल होता, पण आई शेवटपर्यंत एसटीची पाटी लांबून वाचायची. स्वस्त म्हणून कडक लेन्सला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशा लेन्स इथेच करायला घेतल्या, त्यामुळे किती गरिबांचे डोळे वाचले.

आता माझा अनुभव. उजव्यात तीन वर्षांत धुकं आलं. लेन्स खराब झाली असं मला वाटलं, पण डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवतात, तिच्या मागच्या बाजूवर पेशींची जाळी धरली होती. हायड्रोफिलिकमागे अशी जाळी जास्त धरते. भिंगाची मागची कड धारदार चौकोनी असेल तर पेशी तिथेच अडतात, हे नंतर कळलं. लेझरने पाच मिनिटांत त्या जाळीला भोक पाडलं, दुखलं अजिबात नाही, आणि आजपर्यंत डोळा स्वच्छ आहे. या लेन्सला माझे साडेतीन स्टार.

अर्धा स्टार कापला तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. त्याला डायबेटिस, लेन्स हायड्रोफिलिक, आणि पुढे पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरावा लागला. काही महिन्यांनी लेन्सच पांढरी पडली, म्हणजे भिंगावर कॅल्शियम बसलं. एका ठिकाणी ती जाळी समजून लेझर मारला. फरक शून्य, वर पिशवीला भोक पडलेलं, त्यामुळे लेन्स काढून दुसरी बसवायचं काम दुप्पट अवघड झालं. असं क्वचितच होतं, पण होतं. ज्याला पुढे पडद्याचं किंवा बुबुळाचं ऑपरेशन लागण्याची शक्यता आहे, त्याने पाणीवाली घेण्याआधी डॉक्टरांना हे विचारावंच.

डाव्यात हायड्रोफोबिक घेतली, पॅकेज ३८ हजारांचं. पहिले तीन महिने वैताग आला. डाव्या कडेला सतत एक काळी कोर दिसायची. कुणीतरी बाजूला येऊन उभं राहिलंय असं वाटून मी मान वळवायचो. एकदा रिकाम्या खुर्चीला ‘बसा ना’ म्हणालो. धारदार कड आणि जास्त अपवर्तनांक यांच्या जोडीने असं होऊ शकतं, बहुतेकांचं आपोआप जातं, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझं गेलं. फोटोत मात्र हा डोळा अजून मांजरासारखा चमकतो. नातवंडांना त्याचं फार कौतुक.

गेल्या वर्षी तपासणीत मॅडम स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून, बघताना म्हणाल्या, लेन्समध्ये ग्लिसनिंग आहे. म्हणजे मटेरियलच्या आत पाण्याने भरलेले बारीक ठिपके, मायक्रॉनमध्ये मोजायचे. माझं डोकं लगेच हॉपरकडे गेलं. दाणा ओला होता की काय? तसं नसतं. डोळ्यात बसल्यावर पाणी हळूहळू आतल्या पोकळ्यांत शिरतं. माझ्या इन्स्पेक्शनला हा पीस पास झाला नसता. पण त्या डोळ्याची नजर ६/६ आहे आणि मला ते ठिपके कधी दिसले नाहीत. जाळीचं अजून नाव नाही. सव्वाचार स्टार.

हो, डावी लेन्स पिवळसर आहे, निळा प्रकाश थोडा अडवते. एकेक डोळा झाकून धुतलेली गांधी टोपी बघितली तर उजव्याला निळसर पांढरी दिसते, डाव्याला सायीसारखी. दोन्ही उघडे असले की कळतसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात हिच्या मोतीबिंदूची तारीख आहे. मी मटेरियल, कड, अपवर्तनांक सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, कुठलीही बसवा, फक्त पिवळी नको. मला साडीवर मॅचिंग ब्लाउज बघायचा असतो.”