लिनक्ससाठी डेस्कटॉप निवडताना: प्लाझ्मा, ग्नोम आणि बाकीचे

लिनक्स वापरायचे ठरले की बहुतेक जण डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या तयार वितरणांची, तुलना करण्यात बराच वेळ घालवतात आणि डेस्कटॉप मात्र सोबत येईल तो स्वीकारतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. उबुंटू घ्या, फेडोरा घ्या किंवा डेबियन घ्या. आवृत्त्यांचा थोडाफार फरक सोडला तर कर्नल (प्रणालीचा गाभा) तोच, ब्राउझर तोच आणि लिबरऑफिसही तेच असते. विंडो कशा हलतात, फाइल निवडण्याची चौकट कशी उघडते, सूचना कुठे दिसतात, दुसरा मॉनिटर जोडल्यावर काय होते, या दिवसभर हाताखाली येणाऱ्या गोष्टी डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट ठरवते. म्हणून येथे डिस्ट्रो बाजूला ठेवून केवळ डेस्कटॉपचे परीक्षण केले आहे.

दिसण्यावरून डेस्कटॉप निवडू नये, कारण वॉलपेपर आणि आयकॉन यांचे अप्रूप लवकर ओसरते. मी दोन गोष्टी पाहतो. बसवल्यावर काहीही न बदलता तो आपल्या कामाच्या सवयींपासून किती दूर आहे, ही पहिली. आणि ते अंतर कापण्यासाठी जे फेरफार करावे लागतात ते पुढच्या आवृत्तीत टिकतात का, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीकडे परीक्षणांत सहसा दुर्लक्ष होते, आणि पुढे त्रास होतो तो नेमका तिचाच.

या कसोटीवर मला सर्वांत सरस वाटतो तो केडीई प्रकल्पाचा प्लाझ्मा. मथियास एट्रिच यांनी १९९६ मध्ये केडीई सुरू केला. त्याचा पाया असलेल्या क्यूटी या लायब्ररीचा (विंडो, बटणे बनवण्याच्या तयार कोडचा) परवाना त्या काळी पूर्णपणे मुक्त नव्हता, आणि या आक्षेपातूनच १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. परवान्याचा वाद केव्हाच मिटला. दोन प्रकल्पांच्या विचारसरणीतले अंतर मात्र नंतर वाढतच गेले. वापरणाऱ्याला हवे ते बदलू द्यावे, हा केडीईचा बाणा आहे. खाली टास्कबार, डावीकडे मेनू आणि उजवीकडे घड्याळ व ट्रे ही प्लाझ्माची मूळ मांडणी विंडोजवरून येणाऱ्याला परकी वाटत नाही. फाइल एका क्लिकने उघडण्याची केडीईची जुनी रीत नवख्यांना गोंधळात टाकत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून तीही बदलली आणि डबल क्लिक हीच मूळ पद्धत झाली.

प्लाझ्माची खरी ताकद त्याच्या लहान सोयींत आहे. डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ दाबले की विंडोचे दोन भाग होतात, आणि एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइली हलवताना वेगळी विंडो उघडावी लागत नाही. एफ४ दाबले की त्याच फोल्डरचे टर्मिनल खाली उघडते. मेटा (विंडोज चिन्हाची कळ) आणि व्ही या कळांनी कॉपी केलेल्या मजकुराचा इतिहास समोर येतो. ऑल्ट आणि स्पेस दाबून उघडणाऱ्या केरनर या पट्टीत प्रोग्रॅमचे नाव टाइप करता येते, तसेच बेरीज-गुणाकार किंवा एककांचे रूपांतरही तिथल्या तिथे होते. एखादी विंडो नेहमी ठरावीक आकारात, ठरावीक जागी आणि ठरावीक मॉनिटरवरच उघडावी असे वाटत असेल तर तिच्यापुरता नियम लिहिता येतो. यातले काहीही बाहेरून जोडावे लागत नाही. हे सगळे केडीईनेच दिलेले आहे, त्यामुळे नवी आवृत्ती आली म्हणून ते एका सकाळी अचानक बंद पडण्याची भीती बरीच कमी राहते.

दोष आहेतच. सेटिंग्जचा पसारा इतका आहे की शोधपट्टी नसती तर तो निरुपयोगी ठरला असता. डेस्कटॉप, लॉक स्क्रीन आणि लॉगिन या तिन्हींचे पार्श्वचित्र तीन वेगळ्या ठिकाणी बदलावे लागते, याचे समर्थन कसे करायचे ते मला कळत नाही. केवॉलेट ही पासवर्ड साठवणारी व्यवस्था नको त्या क्षणी संकेतशब्द मागते. बाहेरच्या थीमबाबत तर सावधच राहावे. ग्लोबल थीम म्हणजे केवळ रंग आणि आयकॉन नव्हेत, तिच्यासोबत चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये अशा एका थीमने वापरकर्त्याच्या फाइली पुसल्याचे समोर आल्यानंतर केडीईने स्वतःच जाहीर इशारा दिला होता. शिवाय २००८ मधली केडीई ४.० ही आवृत्ती इतकी कच्ची निघाली की तिची आठवण काढून आजही काही जण नाके मुरडतात. आजच्या प्लाझ्माला ते माप लावणे अन्यायाचे आहे; ६ या आवृत्तीवर स्थिरतेच्या बाबतीत माझी फारशी तक्रार नाही.

ग्नोमचे गणित वेगळे आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आला आणि त्याने टास्कबार, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि मिनिमाइझचे बटण हे सगळे मूळ मांडणीतून काढून टाकले. सुपर कळ (प्लाझ्मातली मेटा तीच) दाबली की उघड्या विंडो एकदम समोर मांडल्या जातात, तिथेच टाइप करून प्रोग्रॅम शोधायचा, आणि कामे वेगवेगळ्या वर्कस्पेसवर, म्हणजे आभासी पडद्यांवर, वाटून ठेवायची, अशी ही पद्धत आहे. २०२१ मधल्या ग्नोम ४० पासून वर्कस्पेस आडव्या रांगेत आले. वेलँड या नव्या चित्रव्यवस्थेवर (तिच्याविषयी पुढे) तीन बोटे टचपॅडवर सरकवली की ते बोटांच्या वेगानेच सरकतात, आणि लॅपटॉपवर हा अनुभव इतका गुळगुळीत आहे की त्या एका बाबतीत ग्नोमच्या तोडीचे दुसरे काही मला सापडलेले नाही. सेटिंग्ज मोजक्या आहेत, त्याच्या सोबतचे प्रोग्रॅम एकाच घरातले वाटतात, आणि ओर्का हा स्क्रीन रीडर ऑल्ट, सुपर आणि एस दाबताच सुरू होतो, ही दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी मोलाची गोष्ट आहे.

मात्र ही पद्धत जशी आहे तशी पटली तरच ग्नोम घ्यावा. न पटल्यास लोक एक्स्टेन्शनकडे, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या पुरवण्यांकडे, वळतात: एक डॉकसाठी, एक ट्रेसाठी, एक मेनूसाठी. ग्नोमची नवी आवृत्ती दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, आणि एक्स्टेन्शन ग्नोम शेलच्या (ग्नोमचा पडदा चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) आतल्या कोडमध्ये थेट हात घालत असल्यामुळे तो कोड बदलला की ती मोडतात. २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये एक्स्टेन्शन लिहिण्याची रचनाच बदलली आणि जुनी झाडून सगळी एक्स्टेन्शन नव्याने जुळवून घ्यावी लागली. एखाद-दुसरे एक्स्टेन्शन चालून जाते. पण पाच-सहा लागत असतील तर आपल्याला ग्नोम नकोच आहे, असे खुशाल समजावे. उबुंटूत डॉक आणि ट्रेची एक्स्टेन्शन डिस्ट्रोकडूनच सांभाळली जातात, त्यामुळे तिथला ग्नोम या बाबतीत सुसह्य आहे.

काही लहान गोष्टीही खटकतात. ऑल्ट आणि टॅब दाबल्यावर ग्नोम विंडो बदलत नाही, प्रोग्रॅम बदलतो. एकाच प्रोग्रॅमच्या दोन दस्तऐवजांत ये-जा करायला टॅबच्या वरची कळ वापरावी लागते. कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये जाऊन ऑल्ट-टॅब ही कळजोडी ‘स्विच विंडोज’ या पर्यायाला दिले की प्रश्न सुटतो, पण नवख्याला हे सांगणार कोण? फाइल मॅनेजरमध्ये नावाची पहिली अक्षरे टाइप केल्यावर त्या फाइलवर उडी पडण्याऐवजी शोध सुरू होतो, आणि हजारो फाइलींच्या फोल्डरमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. फाइल निवडण्याच्या चौकटीत छायाचित्रे लघुचित्रांच्या जाळीत दिसावीत ही मागणी २००४ पासूनची होती, ती ग्नोमच्या जीटीके या लायब्ररीच्या ४.१० मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये पूर्ण झाली. वर्षे वाचकांनीच मोजावीत.

ग्नोम ३ न पटलेल्यांमुळे दोन डेस्कटॉप जन्माला आले. माते हा ग्नोम २ चाच पुढे चालवलेला अवतार आहे. जुनी सवय असलेल्यांना तो आवडेल, नव्याने निवडणाऱ्याला त्याची शिफारस करण्याचे कारण दिसत नाही. लिनक्स मिंटचा सिनॅमन मात्र अधिक गांभीर्याने पाहण्यासारखा आहे. त्यात विशेष चमकदार असे काही नाही, आणि तेच त्याचे बलस्थान आहे: मेनू, पॅनेल, निमो हा फाइल मॅनेजर, सगळे अपेक्षित जागी असते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. ज्यांना संगणकात रस नाही, केवळ काम आहे, अशा घरच्या माणसाच्या यंत्रावर मी प्लाझ्माऐवजी सिनॅमन बसवीन, कारण प्लाझ्मात पॅनेल चुकून हलवून ठेवणे जरा जास्तच सोपे आहे. सिनॅमनची उणीव वेलँडच्या आधारात आहे. २०२३ च्या अखेरीस ६.० मध्ये तो आधार आला तो प्रायोगिक म्हणूनच.

एक्सएफसीईची ख्याती हलका म्हणून आहे आणि ती खरी आहे. पण तिच्यावरून एक गैरसमज पसरला आहे. मेमरी चार जीबी असेल तर डेस्कटॉप बदलून काहीशे एमबी वाचतात, आणि ब्राउझरचे काही टॅब उघडताच ती बचत संपते. जुन्या यंत्रावर एक्सएफसीईचा खरा फायदा ग्राफिक्सच्या बाबतीत होतो, कारण विंडोंचे इफेक्ट बंद करूनही तो व्यवस्थित चालतो, तर ग्नोम शेलचा सारा डोलारा ग्राफिक्स चिपवर उभा आहे. त्याची प्रगती संथ आहे. ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ साठी २०१९ उजाडले. आज जमलेली मांडणी पुढची अनेक वर्षे तशीच राहावी असे वाटणाऱ्याला हा संथपणा गुणच वाटेल. यंत्र त्याहूनही जुने असेल तर एलएक्सक्यूटी पाहावा. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला कॉस्मिक हा डेस्कटॉप अजून नवा आहे. त्याच्यावर मत देण्याची घाई नको.

आता वेलँडविषयी. स्क्रीनवर चित्र उमटवण्याची एक्स११ ही व्यवस्था १९८७ सालची आहे, आणि २००८ मध्ये सुरू झालेला वेलँड तिची जागा घेत आहे. दोन मॉनिटरांची घनता वेगळी असेल, म्हणजे लॅपटॉपचा पडदा बारीक ठिपक्यांचा आणि बाहेरचा मॉनिटर साधा असेल, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. एक्स११ वर एका ठिकाणी अक्षरे मुंगीएवढी किंवा दुसऱ्या ठिकाणी धूसर, यांपैकी एक पत्करावे लागते. वेलँडवर प्रत्येक मॉनिटरचे प्रमाण वेगळे ठेवता येते. प्लाझ्मात त्यासाठी सरळ सरकपट्टी आहे. एक्सएफसीईच्या ४.२० मध्ये वेलँडचा आधार आहे, पण प्रायोगिक. उलट, एक्स११ वरच चालणारे एखादे जुने साधन कामाचे असेल तर ग्नोमपासून जपून राहावे, कारण ४९ या आवृत्तीत एक्स११ चे सत्र मूळ बांधणीतून वगळले गेले.

मराठी टंकलेखन ही आपल्यापुरती वेगळी परीक्षा आहे. ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्रॅम) आतच जोडलेला असल्याने कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठीची मांडणी निवडायची आणि सुपर व स्पेस दाबून भाषा बदलायची, एवढेच करावे लागते. प्लाझ्मात साधा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाणित मांडणी) लेआउट तितक्याच सहज मिळतो. पण रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टाइप करायचे असेल तर आयबस किंवा त्याच्यासारखाच एफसीआयटीएक्स५ बसवावा लागतो, आणि वेलँडवर तो निवडण्याची जागा ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर आहे. खऱ्या कीबोर्डची सेटिंग तिथे शोधण्याचे कोणाला सुचेल, हा प्रश्न प्लाझ्माच्या कर्त्यांना विचारायला हवा. एक्सएफसीईत आयबस लॉगिनच्या वेळी सुरू होईल अशी तजवीज स्वतः करावी लागते. मिंटमध्ये इनपुट पद्धतीसाठी वेगळे साधन दिले आहे, ते पुरेसे आहे.

निवड पक्की करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (संगणकावर न बसवता चालणारी) आवृत्ती चालवून पाहता येते. फेडोरा ४२ पासून प्लाझ्माला वर्कस्टेशनच्या (फेडोराच्या ग्नोम आवृत्तीच्या) बरोबरीचे स्थान असल्याने, एकच डिस्ट्रो ठेवून ग्नोम आणि प्लाझ्मा यांची तुलना करणे सोपे झाले आहे. बसवलेल्या यंत्रावर दुसरा डेस्कटॉप आजमावायचा असेल तर त्यासाठी वेगळे वापरकर्ता खाते उघडावे. एकाच खात्यात दोन्ही वापरले की फॉन्ट, आयकॉन आणि पासवर्डच्या साठवणी एकमेकांत मिसळतात, मेनूत दोन फाइल मॅनेजर आणि दोन टर्मिनल दिसू लागतात, आणि दोष कोणाचा ते ओळखता येत नाही. लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडण्याची सोय असते. ग्नोमच्या पडद्यावर ती नाव निवडल्यानंतर कोपऱ्यात दातेरी चाकाच्या रूपात दिसते. चाचणीत प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडून काढावा, झाकण बंद करून उघडावे, मराठी नावाची फाइल शोधून पाहावी आणि व्हिडिओ बैठकीत पडदा दाखवून बघावा. वेलँडवर पडदा दाखवण्याचे काम पाइपवायर (चित्र-ध्वनी पोहोचवणारी सेवा) आणि डेस्कटॉपचे पोर्टल (प्रोग्रॅमना परवानगी देणारा दुवा) यांच्यामार्फत होते, आणि पोर्टलचे पॅकेज नसेल तर बैठकीतल्या समोरच्या माणसाला काळी चौकट दिसते.