कोल्हापूरच्या राजारामपुरीतली अभ्यासिका : चौदा नंबरच्या खुर्चीवर आठ महिने

बत्तीस खुर्च्यांच्या या खोलीत एकतीस जण राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी नाहीतर बँकेची तयारी करतात. बत्तिसावी मी. टेबलावर जीआरईचं पुस्तक आणि संख्याशास्त्राच्या झेरॉक्स बघून पहिल्याच आठवड्यात तिघांनी विचारलं, "ताई, ही कुठली परीक्षा?" औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र, असं नाव सांगून कुणाला काही कळायचं नाही. मग मी सांगायची: कामावर माणूस कसा निवडायचा, काम कसं रचायचं, नवा पोरगा महिन्यात का सोडून जातो, याचा अभ्यास. अमेरिकेत मास्टर्सला अर्ज करायचाय, त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे जीआरई.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, एचआरला आहे. साडेपाचला सुटून तावडे हॉटेल, मध्यवर्ती बसस्टँड (सीबीएस) करत राजारामपुरीत पोचायला पावणेसात होतात. घरी दोन खोल्या आणि माणसं सहा. तीन अभ्यासिका बघून ही धरली.

आधी व्यवहाराचं सांगते. ठरावीक खुर्चीला महिना ९०० रुपये, मिळेल त्या खुर्चीला ६५०. नोकरी करून येणाऱ्यांनी अडीचशे जास्त देऊन ठरावीक खुर्चीच घ्यावी, कारण तिच्यासोबत कप्पा मिळतो आणि ऑफिसची बॅग, डबा, पुस्तकं असं सगळं ओझं रोज वागवावं लागत नाही. वेळ सकाळी ६ ते रात्री ११. दुसरा मजला, लिफ्ट नाही. इन्व्हर्टर आहे. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे आणि ते खरोखर स्वच्छ असतं. काका ही जागा चालवतात, पण बंद होईपर्यंत दारापाशी मावशी बसून असतात. उशिरा एकटी मुलगी निघाली तर रिक्षा मिळेपर्यंत त्या खाली येऊन उभ्या राहतात. माझ्या आईनं परवानगी दिली ती एवढ्यावरच.

पण मी इथे आठ महिने टिकले त्याचं कारण वेगळं आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी काका सगळ्यांना गच्चीवर बोलावतात, चहा देतात आणि म्हणतात, "अडचण असंल तर तोंडावर सांगा." दुसऱ्याच महिन्यात त्यांना मोबाइलवर सरसकट बंदी घालायची होती. त्यांनी तसा कागद चिकटवला नाही, आधी विचारलं. कुणाच्या नोट्स मोबाइलमध्येच होत्या, कुणाच्या घरी आजारी माणूस होतं. तासभर बोलून पोरांनीच ठरवलं: फोन सायलेंट, उपडा ठेवायचा, बोलायचं तर गच्चीवर. तेव्हापासून हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात मी कोच आणि फ्रेंच या संशोधकांचा १९४८ चा लेख वाचत होते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवूड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी कामाची पद्धत बदलताना गट पाडले. एका गटाला बदल नुसता सांगितला. दुसऱ्या गटांना प्रतिनिधींमार्फत किंवा थेट तो ठरवण्यात सामील केलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन घसरलं ते तसंच राहिलं, काहींनी काम सोडलं. थेट सामील झालेले लवकर सावरले आणि पहिल्यापेक्षाही पुढे गेले. आमच्या फाउंड्रीत शिफ्टच्या वेळा बदलल्या तेव्हा फक्त नोटीस लागली होती. त्यानंतर फेटलिंगची, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारी, किती पोरं गेली, ते राजीनामे माझ्याच टेबलावर आले होते.

आता उणं काय ते. वायफाय भरवशाचं नाही. जीआरईच्या दोन अधिकृत सराव चाचण्या फुकट मिळतात. त्यातली पहिली देताना मध्येच नेट गेलं आणि वेळेचा सगळा ताल मोडला. दुसरी मी मोबाइलच्या नेटवर दिली, तुम्हीही तसंच करा. कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं भरपूर, मानसशास्त्राचं एकही नाही. मला विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या मैत्रिणीचा आधार होता. गणपतीच्या आगमनाच्या दिवशी राजारामपुरीत डॉल्बीपुढे काहीच चालत नाही. तो दिवस सरळ सुट्टीचा धरा. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीकडच्या खुर्च्या तापतात, म्हणून दहाच्या पुढचा नंबर मागून घ्या.

खुर्च्या साध्या लाकडी आहेत. मी घरून उशी नेली. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई १ तास ५८ मिनिटांची झाली आहे आणि मध्ये ठरलेली सुट्टी नाही. तेवढा वेळ न उठता बसायची सवय मला याच खुर्चीवर लागली. मात्र बरीच विद्यापीठं आता जीआरई मागतच नाहीत. त्यामुळे आधी अभ्यासक्रमांची यादी करा, मग परीक्षेचे पैसे भरा. या विषयाची अमेरिकेतली संघटना आहे, एसआयओपी. तिच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची सूची आहे. मी हे उशिरा केलं, तुम्ही उशीर करू नका.

गणिताला क्लास लावला नाही. शेजारच्या खुर्चीवर गडहिंग्लजचा एक मुलगा पीएसआयची तयारी करतो. गुणोत्तर, शेकडेवारी, तक्त्यावरचे प्रश्न तो तोंडी सोडवतो. रोज रात्री साडेनऊला गच्चीवर वीस मिनिटं तो मला गणित शिकवायचा, मी त्याचं इंग्रजी बघायची. ही सोय कुठल्या क्लासच्या फीमध्ये मिळाली नसती.

चौदा नंबरवर बसूनच मी निवड पद्धतींवरचे दोन मोठे लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी बौद्धिक क्षमतेच्या चाचणीला कामगिरीच्या अंदाजासाठी ०.५१ इतका सहसंबंध दिला होता (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आकडेमोडीतली एक दुरुस्ती जास्त झाल्याचं दाखवून तो ०.३१ वर आणला, आणि आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न, ०.४२ वर सगळ्यांत वर आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायच्या कामाची, मुलाखत म्हणजे साहेबांच्या मनाला येईल ते प्रश्न. मी सहा प्रश्न लिहिले. सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं, उत्तराला एक ते पाच गुण. सुपरवायझरना दाखवले. त्यांनी दोन बदलायला लावले आणि ते बरोबर होते, कारण भट्टीपाशी उभं राहणारे ते. पुढच्या भरतीत आम्ही तेच वापरले. उमेदवार इतके थोडे की त्यावरून निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पण अर्जासोबतचं माझं उद्देशपत्र याच सहा प्रश्नांपासून सुरू होतं.

त्या पत्राचा दुसरा परिच्छेद वडिलांचा आहे. ते इचलकरंजीत मागावर होते. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकांनी मागांवरचं काम छोट्या गटांकडे सोपवून पाहिलं, हे वाचलं तेव्हा मी लेख मिटून त्यांना फोन केला. फोन अर्थात गच्चीवरून.

अर्ज गेलेत. चौदा नंबर एक तारखेपासून मोकळा होतोय. ज्याला हवा त्यानं संध्याकाळी सातनंतर मावशींना भेटावं. उशी मी तिथेच ठेवून जातेय.