गल्फचा कॅन्सल माल आणि माझे ₹२४,९६०

₹२४,९६०. एवढ्या पैशांत मी पाणी, माती आणि कुणाच्या तरी मोडलेल्या कपाटाची फळकुटं विकत घेतली. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी "पण नक्की किती गेले हो?" असं कुणी विचारायला नको. ज्यांना विचारायचं होतं त्यांनी विचारून झालंय, आणि बहुतेकांनी हसू दाबत विचारलंय.

माल म्हणजे लोणारी कोळसा. पुण्यात राहून माणूस कोळशात कसा काय बुडतो, तर माझ्याकडे सिरॅमिकची ग्रिल आहे. कमाडो म्हणतात ती, अंड्याच्या आकाराची. आमच्या ग्रुपवर सगळे तिला अंडंच म्हणतात. सहा घरांत सहा अंडी आहेत. या अंड्याच्या भिंती जाड, हवा आत घ्यायला खाली एक फट आणि धूर सोडायला वर एक झडप. सगळा कारभार त्या दोन भोकांवर. चांगला कोळसा एकदा भरला की ११० अंशांवर मटणाची रान, म्हणजे अख्खी मांडी, रात्रभर ठेवा, पहाटेपर्यंत हात लावावा लागत नाही. कोळसा भिकार असेल तर चुरा खालच्या ताटलीच्या भोकांत बसतो, हवा कोंडते, आणि मग फुंकत बसा. दाबून केलेल्या ब्रिकेट याच कारणाने चालत नाहीत, राख फार पडते. पेटवण्यासाठी रॉकेलबिकेल तर चुकूनही ओतू नका. सिरॅमिक ते पिऊन घेतं आणि पुढच्या प्रत्येक जेवणात थोडं थोडं परत देतं.

मॉलमध्ये ३ किलोचं पाकीट ₹५४० ला, म्हणजे ₹१८० किलो. वखारीत ₹६० ने मिळतो, पण आमचा वखारवाला पोतं उघडून दाखवत नाही आणि तळाला भुगाच निघतो. म्हणून मधलं काहीतरी शोधत होतो. याला हव्यास म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ज्याने मला फसवलं त्या विक्रेत्याने सांगितलेला भाव किलोला ₹९५ होता. कुणी ₹३० ने देतो म्हणाला असता तर मी तिथेच नंबर ब्लॉक केला असता. ₹९५ हा शुद्धीवर असलेल्या माणसाने द्यायचा भाव आहे, आणि फसवणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

"गल्फला जाणारं कन्साइनमेंट कॅन्सल झालंय, एक्सपोर्ट क्वालिटी, पोर्टवर भाडं चढतंय म्हणून लोकलला देतोय." ही टेप तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. कपड्यांत ऐकली असेल, काजूत ऐकली असेल. मीही ऐकली होती. पण हा गडी फोनवर जे बोलला ते सगळं खरं होतं, हीच तर रड आहे. म्हणाला, "दादा, ही कच्छची वेडी बाभूळ आहे, तुमच्याकडे सोलापूर साइडला दिसते ती." मी तपासलं. खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून कच्छमध्ये हे झाड लावलं आणि ते सगळीकडे माजलं, हे खरं. त्याचा कोळसा जड आणि कडक आचेचा असतो, हेही खरं. अमेरिकेतले बार्बेक्यूवाले ज्याच्या नावाने नाचतात ते मेस्कीट याच कुळातलं, प्रोसोपिस, हेसुद्धा खरं. कोळशाबद्दल मला आमच्या वखारवाल्यापेक्षा या चोराने जास्त शिकवलं. माहिती खरी असली म्हणजे माल खरा असतो असं नाही, हे मला सांगायला येऊ नका. मला आता कळलंय.

शिवाय त्याने ३ किलोचं सॅम्पल फुकट पाठवलं, कुरिअरसकट. आणि ते सॅम्पल, काय सांगू! तुकडे मुठीएवढे, काही हाताच्या पंजाएवढे. एकमेकांवर आपटले की खणखण वाजायचे. मोडला तर आतली कड चकचकीत काळी, कुठे तपकिरी झाक नाही. पहिल्या काही मिनिटांचा धूर गेला की स्वच्छ, बिनवासाची आच. रात्री लावलेली रान सकाळी हाडावरून निसटत होती. फोटो मीच ग्रुपवर टाकले, आणि मग सगळ्यांनी "आमच्यासाठी पण" सुरू केलं. मी कुणाच्या दारात कोळसा विकायला गेलो नव्हतो, हे त्या सहा घरांपैकी दोन घरं आता सोयीस्कर विसरली आहेत.

ऑर्डर १२ पोत्यांची, प्रत्येकी २० किलो. २४० किलो गुणिले ९५, ₹२२,८००. निम्मे, म्हणजे ₹११,४००, आगाऊ. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं, तर "भावाचं दुकान आहे दादा, कंपनीच्या खात्यावर घेतलं तर पक्कं बिल आणि टॅक्स तुमच्याच डोक्यावर." आता तुम्ही म्हणाल, इथेच ओळखायला हवं होतं. अहो, या शहरात भाजीवाल्याचा क्यूआर मेव्हण्याच्या नावावर असतो आणि इस्त्रीवाल्याचा घरमालकाच्या. यावरून कुणाला चोर ठरवायचं तर दूधसुद्धा घेता येणार नाही.

माझं डोकं सटकतं ते यामुळे नाही. सटकतं ते टेम्पोच्या वेळचं आठवून.

टेम्पो संध्याकाळी येणार होता, आला रात्री साडेनऊला. गेटवरचा दिवा नेमका बंद. हमाल पोती उतरवून पार्किंगमध्ये लावत होता आणि मी मोबाइलचा टॉर्च धरून मोजत होतो. त्या उजेडात मला हमालाचा बनियन दिसला. खांद्यापासून पाठीवर काळा ओघळ. ओघळ! कोरड्या कोळशाची पूड उडते, ती कपड्यावर बसते, ती वाहत नाही. हे मी पाहिलं. विचारलंसुद्धा, "ओला आहे का रे माल?" ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, घाटात पावसाने गाठलं." आणि आदल्याच दिवशी पुण्यात वळवाचा पाऊस झाला होता, झाडं पडली होती, वीज गेली होती. एप्रिल महिना, घाटात पाऊस, कुणाला खोटं वाटेल? मी पोत्याचा तळ चाचपला तर गार लागला. वर ताडपत्री असलेल्या टेम्पोत पाऊस तळाकडून कसा शिरतो, हा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडला, अंथरुणात.

आणि आणखी एक. ती पोती साखरेची होती, ५० किलोवाली. सॅम्पलच्या ३ किलोंनी आमची १५ लिटरची बादली जवळजवळ भरली होती. म्हणजे २० किलोला सहा-सात बादल्या जागा लागायला हवी, साखरेच्या एका पोत्यात तो मावायलाच नको. इथे पोतं भरून वर शिवणीपाशी वीतभर रिकामं होतं. मी काय केलं? लटकता काटा लावला. २०.३ किलो. ३०० ग्रॅम जास्तच भरला म्हणून मला बरं वाटलं! एक पोतं उघडायला लावलं, तर वर पंजाएवढे तुकडे, अगदी फराळाच्या ताटात वरून मांडलेल्या करंज्यांसारखे रचलेले. उरलेले ₹११,४०० दिले, टेम्पोचे ₹१,८००, हमाली पोत्यामागे ₹३० प्रमाणे ₹३६०. पोतं घ्याल तेव्हा तळाकडून फाडा. वरून कुणीही काहीही दाखवतो.

पहिल्या आचेलाच समजलं. पांढरा, डोळ्यांत जाणारा धूर थांबेना. ठिणग्या एवढ्या की हिने बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे ओरडत आत नेले. पारा ९० च्या वर सरकायला तयार नाही, खालची फट पूर्ण उघडी असून. मटणाला फेव्हिकॉलचा वास. मी अतिशयोक्ती करत नाहीये, शेजारच्या काकूंनी विचारलं की घरात सुताराचं काम काढलंय का.

मग एक पोतं गच्चीवर पसरलं आणि वाळल्यावर सगळं वेगळं करून मोजलं. ओलं २०.३, वाळून १५.१ किलो. त्यातला ग्रिलमध्ये घालण्याजोगा कोळसा ५.८ किलो. चुरा आणि भुगा ७ किलो. उरलेले २.३ किलो दगड, मातीची ढेकळं आणि फळकुटं. एक चपटा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. कडा सरळ, करवतीने कापलेल्या, आणि जळून कोळसा झाला तरी एकावर एक थर मोजता येतात. प्लायवूड. दुसऱ्याला बिजागरीच्या स्क्रूचं भोक. झाडाच्या फांदीला चार सरळ कडा नसतात, मंडळी. असा तुकडा दिसला की पोतं परत. प्लायवूडमधला गोंद आणि वरचा रंग तुम्ही धुरातून खाता.

म्हणजे ₹१,९०० च्या पोत्यात ५.८ किलो. किलोला ₹३२८ पडले. मॉलमधल्या पाकिटाला मी लूट म्हणत होतो.

नंबर अर्थातच बंद. म्हणून चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, माल मिळाला ना?" मिळाला. "पैसे तुम्हीच पाठवले ना?" पाठवले. "मग हा व्यवहाराचा वाद झाला, दिवाणी. कोर्टात जा." मी म्हणालो, सॅम्पल एक दाखवून माल दुसरा देणं ही फसवणूकच, पूर्वीचं ४२०, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. कलम बदललं, उत्तर बदललं नाही. क्यूआरवरचं दुकानाचं नाव लिहून दिलं, टेम्पोचा नंबर दिला, प्लायवूडचा तुकडा टेबलावर ठेवला. तो तुकडा हातात घेऊन एक जण म्हणाला, "पण कोळसाच आहे की हा." अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला.

वजनमापं तपासणाऱ्या एका ऑफिसात गेलो तर त्याहून थोर. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला हवा, असं २०११ चे नियम सांगतात. माझं पोतं २० किलोचं, त्यावर साखर कारखान्याच्या नावाशिवाय काही नाही. मला वाटलं, इथे तरी धागा लागेल. उत्तर मिळालं, "लेबलच नाही म्हणजे हे पाकीट नाही, सुटा माल झाला." म्हणजे नियम मोडला म्हणून नियम लागू नाही! बरं, वजन तरी तपासा. न वाळवलेलं एक पोतं रिक्षात घालून नेलं होतं, ₹२८० जायचे-यायचे. काट्यावर ठेवलं. "२० च्या वर भरतंय की हो. तुमची तक्रार काय?" पाच किलो पाणी आहे त्यात, म्हटलं. तर म्हणे, "ओलावा आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतो? हे त्यांच्याकडे येत नाही.

राहिला ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते, सगळं छान. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे एक बंद नंबर. वर ओळखीच्या वकिलांनी विचारलं, "घरी वापरायला २४० किलो? धंद्यासाठी घेतलं म्हणतील, मग २०१९ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही." सहा घरांचं आहे म्हटलं तर सहा घरांची सहीची पत्रं आणा. दोन घरं मला फोन उचलेनात, ती सही कुठून देणार? त्यांना प्रत्येकी ₹४,१६० मी माझ्या खिशातून दिलेत, तरीही. सामुदायिक खरेदी करायची तर पैसे आपल्या खात्यातून फिरवू नका, प्रत्येकाला थेट देऊ दे. ही अक्कल मला ₹८,३२० ला पडली.

बिल नसेल तर घेऊच नका, टॅक्स भरावा लागला तरी. ते बिल म्हणजे पत्ता असतो. पैसे गेले आणि माल आलाच नाही असा प्रकार असेल तर विचार करत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. माल अंधारात उतरवून घेऊ नका. आलाच तर टेम्पो उभा ठेवा, उरलेले पैसे सकाळी. ओघळ दिसला की परत. बादली जवळ ठेवा आणि काट्याआधी बादलीने मोजा.

आता हे का लिहिलं ते. परवा ग्रुपवरच्या एकाच्या मेहुण्याला नाशकात मेसेज आला: गल्फचं कन्साइनमेंट, पोर्टवर भाडं चढतंय. नंबर नवा, फोटो तोच. मागे निळी ताडपत्री, डावीकडे अर्धा दिसणारा पिवळा टेम्पो, आणि हातात धरलेला कोळशाचा एक लांब, देखणा तुकडा. भाव ₹८५ केलाय. तुम्हालाही आला तर सॅम्पल जरूर मागवा, कुरिअर त्याच्याच खर्चाने येतं आणि माल खरोखर उत्तम असतो. त्यावर झकास मटण करा आणि नंबर ब्लॉक करा.